मामांची चप्पल की बहिणीची कानस?

पत्र

ताई, नमस्कार. मी निपाणीजवळच्या खेड्यात राहतो, वय 22. फोटो स्टुडिओत कामाला आहे. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं सगळं करतो. ‘व्यवसाय कौशल्य आणि प्रशिक्षण’ या विषयावरच्या एका आंतरराष्ट्रीय छायाचित्र स्पर्धेची जाहिरात बघितली आणि भाग घ्यावासा वाटला. माझे मामा अथणी तालुक्यात कोल्हापुरी चपला करतात. धाकटी बहीण आयटीआयला फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला आहे, कानशीनं लोखंड घासून मापात आणायला शिकते. बाबा म्हणतात, मामाचाच फोटो पाठव, सुरकुतलेले हात, जुनी कला, परीक्षकांना तेच आवडतं. कानस घासणाऱ्या पोरीचा फोटो कोण बघतंय? पण मामा नको म्हणतात. त्यांच्या मुलीचं लग्न जमवायचं चाललंय, चपला शिवतानाचे फोटो जगभर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मित्र म्हणतो, नुसते हात काढ, तोंड कुठं दिसतंय? कॅमेरा स्टुडिओच्या मालकांचा आहे, मग फोटो कुणाचा? गावाचं नाव लिहिताना बेळगाव लिहू की बेळगावी? इंग्रजी जेमतेम आहे. आमच्यासारख्यानं या भानगडीत पडावं का?

उत्तर

पड, जरूर पड. आणि फोटो बहिणीचा पाठव.

बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गावोगावच्या छायाचित्र स्पर्धांना मी परीक्षक म्हणून बसते, तेव्हा म्हाताऱ्या कारागिरांचे हात ढिगानं येतात. कुंभाराचे मातीनं भरलेले हात, विणकराचे हात, लोहाराचे हात. यातले काही फोटो खरोखर सुंदर असतात. पण तू ज्या स्पर्धेत उतरतोयस तिच्या विषयाचं नाव पुन्हा एकदा नीट वाच. कौशल्य, आणि त्याच्या जोडीला प्रशिक्षण. म्हणजे परीक्षकांना नुसतं काम बघायचं नाही, ते काम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना बघायचंय. त्या सुरकुतलेल्या हातांच्या फोटोत बहुतेक वेळा शिकणारं माणूसच नसतं. एकटा म्हातारा, मागे काळोख, खाली ‘लोप पावत चाललेली कला’ अशी ओळ. प्रशिक्षणाच्या स्पर्धेत असा फोटो विषयाच्या बाहेर पडतो, कितीही देखणा असला तरी.

या विषयाला जगभर जे महत्त्व आलंय त्यामागचा विचार तुला ठाऊक असावा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 2014 साली ठराव करून 15 जुलै हा जागतिक युवा कौशल्य दिन ठरवला. तरुण मुलामुलींच्या हाताला काम मिळावं, त्यासाठी त्यांना शिकायला मिळावं, हा त्यामागचा हेतू. जर्मनीतल्या बॉन शहरात युनेस्कोचं तांत्रिक आणि व्यवसाय शिक्षणाचं केंद्र आहे, युनेव्होक नावाचं. त्यांनीही या विषयावर छायाचित्र स्पर्धा घेतल्या आहेत. या सगळ्यांना बघायचा असतो तो शिकणारा तरुण माणूस. तुझ्या घरात तशी एक मुलगी रोज सकाळी डबा घेऊन वर्कशॉपला जाते आणि तू विषय शोधतोयस!

आता मामांचं. त्यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला तीच वाटली.

मामा नको म्हणालेत. तिथं विषय संपला. ‘नुसते हात काढ’ हा मित्राचा सल्ला ऐकू नकोस. मामा स्वतःहून ‘हात घे, तोंड नको’ म्हणाले असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांचा नकार चुकवायला तोंड कापायचं, हे बरं नाही. शिवाय खेड्यात माणूस काय फक्त तोंडावरून ओळखतात? अंगण ओळखतात, बसायचं पोतं ओळखतात, भिंतीचा रंग ओळखतात. फोटो एकदा मोबाईलवर फिरायला लागला की सोयरिकीच्या गावापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. चामड्याच्या कामाला आपल्या समाजानं जात चिकटवली आणि त्या कामाकडे तुच्छतेनं बघायला शिकवलं. त्याचा भार मामा आणि त्यांची मुलगी उचलताहेत. तुझ्या कॅमेऱ्यानं तो वाढू नये. मामांनी लाजायला नको, हे तुला-मला पटतं. पण लाज सोडायची की नाही आणि कधी, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं.

त्यांच्या कामाची किंमत मात्र तुला माहीत पाहिजे, म्हणजे पुढे कधी ते आपण होऊन ‘काढ रे फोटो’ म्हणाले तर तू तयार असशील. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन जाहीर झालं ते एकट्या कोल्हापूरला नव्हे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी मिळून घेतलेलं मानांकन आहे ते. सीमेच्या अलीकडं-पलीकडं एकच चप्पल, एकच रीत. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं, आणि खिळा न ठोकता चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण. तळ कापायचं, ठोकायचं अवजड काम बहुतेक घरांत पुरुष करतात आणि वेणी, शिवण यांचं बारीक काम बायका. मामींचं नाव तुझ्या पत्रात नाही, तिथं थोडा थांबून विचार कर. 2025 साली इटलीतल्या एका बड्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि त्या कुठल्या, कुणाच्या, हे सांगितलंच नाही. केवढा गदारोळ झाला होता आठव. बोंब झाल्यावर मग मुळाचा उल्लेख आला. विनानावाचे, विनागावाचे हात फोटोत लावणारा फोटोग्राफर त्याहून काही वेगळं करत नाही.

एक शक्यता सांगून ठेवते. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, त्यात पादत्राणं करणारे कारागीरही येतात. त्यात प्रशिक्षणाच्या दर दिवसाला 500 रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे. आयुष्यभर काम केलेली माणसं तिथं पुन्हा शिकायला बसतात. मामा कधी तिकडं गेले आणि त्यांची ना नसली, तर तो खरा या स्पर्धेचा विषय. यंदा नाही तर पुढच्या वेळी.

आता बहिणीकडं वळू. ‘कानस घासणाऱ्या पोरीचा फोटो कोण बघतंय?’ असं बाबा म्हणतात, कारण कानस घासताना काय चाललेलं असतं ते त्यांनी उभं राहून बघितलेलं नाही. तू बघ. पहिल्या दिवशी कॅमेरा नेऊच नकोस.

फिटरच्या मुलांना सुरुवातीला लोखंडाचा एक तुकडा देतात, त्याला ती ‘जॉब’ म्हणतात. तो बेंच व्हाईसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात आवळायचा आणि कानशीनं घासून सपाट, काटकोनात आणायचा. ऐकायला सोपं आहे. पण कानस पुढे ढकलताना दोन्ही हातांचा दाब सतत बदलावा लागतो. सुरुवातीला पुढच्या हाताचा जास्त, शेवटाला मुठीच्या हाताचा जास्त, आणि मागे ओढताना दाब नाहीच. तोल चुकला की कानस डोलते आणि तुकडा मधे उंच, कडेला उतरता होतो. सर येऊन कोपर धरतात, पायातलं अंतर सांगतात, व्हाईस कोपराच्या उंचीला आहे का बघतात. दिवसचे दिवस हेच चालतं. तळव्याला फोड येतात, मग घट्टे पडतात.

आणि मग तो क्षण येतो, ज्यासाठी तुला तिथं उभं राहायचंय. मुलगी जॉब व्हाईसमधून काढते, ब्रशनं झाडते, त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावते आणि खिडकीकडं वळून दोन्ही डोळ्यांसमोर धरते. एक डोळा बारीक करते. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड येतोय का, ते ती बघत असते. केसाहून बारीक फट असली तरी उजेडाची रेघ दिसते. रेघ दिसली की जॉब पुन्हा व्हाईसमध्ये. नाही दिसली तर सरांकडं. सर तेच करतात, खिडकीकडं धरतात, आणि कुठंतरी बोट ठेवतात.

हे एकदा बघितलंस की कुठं उभं राहायचं हे आपोआप सुचेल, तरी सांगते. तिच्या खांद्यामागून काढलास तर उजेडाची रेघ मिळेल, पण चेहरा जाईल. बाजूनं काढलास तर बारीक केलेला डोळा, कपाळावरची आठी, हातातला काळा तुकडा हे सगळं मिळेल. रेघ मात्र दिसणार नाही, कारण ती फक्त तिच्या डोळ्यांच्या रेषेतूनच दिसते. मी असते तर तिसऱ्या जागेसाठी थांबले असते. सर आणि बहीण शेजारी शेजारी, दोघांचे डोळे त्याच फटीवर, सरांचं बोट जॉबच्या कडेवर. शिकवणारा आणि शिकणारा एकाच गोष्टीकडं बघताहेत. विषयाचं नाव खाली लिहायची गरज पडणार नाही.

तू लग्नं काढतोस म्हणजे क्षण पकडायचा सराव तुला आहे. अंतरपाट खाली यायच्या आधी बोट बटणावर तयार ठेवायची जी सवय तुझ्या हाताला लागलीये, तीच इथं लागते. ती सवय घेऊन जा. लग्नातल्या बाकी सवयी मात्र स्टुडिओतच ठेव. ‘इकडं बघा’ म्हणायचं नाही. हसवायचं नाही. कातडी गुळगुळीत करणारं फिल्टर लावायचं नाही. तळव्याचे घट्टे, नखांतलं काळं वंगण, गालावरचा घाम हे सगळं हवंय. फ्लॅश तर बॅगेतच राहू दे. खिडकीतून येणाऱ्या उजेडावरच हा फोटो उभा आहे, फ्लॅश उडवलास की तो उजेडच मरेल.

आणि बहिणीला हातात पाना देऊन, हाताची घडी घालून ‘मुलगीही कमी नाही’ असा फोटो काढू नकोस. अशा फोटोंचा आता मुलींनाच कंटाळा आलाय. ती मुलगी आहे हे फोटोत दिसेलच. तिला येतंय काय, अडतंय कुठं, ते दाखव.

उजेडाचं थोडं तांत्रिक. खिडकी समोर असली की कॅमेरा फसतो आणि एकतर खिडकी पांढरी फटक पडते किंवा माणसं काळी होतात. उजेड खिडकीवर मोज, किंवा सगळ्या फ्रेमवर मोजलास तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप कमी ठेव, थोडे वेगवेगळे काढून ठेव. चेहरे किंचित अंधारात राहिले तरी चालतील, नंतर थोडे उचलता येतात. जळालेली खिडकी परत येत नाही. वर्कशॉपात ट्यूबलाइट असतील तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेव. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. फार वेगाचं शटर ठेवलंस तर फोटोवर आडवे पट्टे येतात. कानशीची हालचाल दाखवायची असेल तर 1/30 वर, कॅमेरा बाकाला टेकवून काढ. जॉब आणि व्हाईस स्पष्ट, कानस थोडी पुसट. लेथच्या बाबतीतही तेच. 1/500 ला चक, म्हणजे लेथचं फिरतं तोंड, थिजतो आणि मशीन बंद असल्यासारखं दिसतं. कॅमेरा नाहीच मिळाला तर मोबाईलवर कर, पण आधी स्पर्धेत मोबाईलचे फोटो चालतात का बघ. स्क्रीनवर खिडकीच्या जागी बोट दाबून धरलंस की फोकस आणि उजेड तिथं अडकतो, मग बोटानं उजेड खाली ओढ.

वेल्डिंगच्या बाजूला जाशील, जाऊ नको म्हटलं तरी जाशील, कारण ठिणग्या सगळ्यांनाच भुरळ घालतात. पण आरशाच्या कॅमेऱ्याच्या (डीएसएलआर) व्ह्यूफाइंडरमधून आर्ककडं, म्हणजे वेल्डिंगच्या प्रखर उजेडाकडं, बघायचं नाही. आर्क लागला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, वेल्डरला विचार. अंतर ठेव, स्क्रीनवर बघ, सैल कपडे आणि गळ्यातला लोंबता पट्टा घेऊन फिरत्या मशीनजवळ जाऊ नकोस. फोटोतला माणूस चष्मा न घालता ग्राइंडिंग करत असेल तर तो फोटो प्रशिक्षणाच्या स्पर्धेत पाठवूच नये असं माझं ठाम मत आहे. आणि फोटोपुरतं कुणाच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं, हेही नको. जिथं रोज घालतात तिथं जा. कामाच्या सुरक्षेबद्दल खोटं बोलणारा फोटो उद्या कुणाच्या तरी डोळ्यावर बेतू शकतो.

आयटीआयनं परवानगी नाकारली तर हातपाय गाळू नकोस. आपल्या जिल्ह्यात विषयांचा दुष्काळ नाही. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत, तिथं अप्रेंटिस मुलं असतात. 1400 अंशांच्या आसपास तापलेला लोखंडाचा रस साच्यात ओततात, पण तिथं कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय आणि सुरक्षेच्या माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही. खानापूरला खादी ग्रामोद्योगाचं कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र आहे. शहापूर, वडगाव भागात माग आहेत. तिथं एखादी सासू सुनेला तुटलेला धागा जोडायला शिकवत असेल तर तेही प्रशिक्षणच, प्रमाणपत्र नसलं म्हणून काय झालं? तरी माझा पहिला कौल तुझ्या बहिणीलाच. तिच्या वर्कशॉपात तुला पुन्हा पुन्हा जाता येईल आणि तुझी तिथल्या लोकांना सवय होईल. परका फोटोग्राफर एका दिवसात येऊन जातो, त्याच्या फोटोत सगळे सावध दिसतात.

परवानगी लेखी घे. प्राचार्यांना साधा अर्ज कर: मी अमुक, माझी बहीण इथं शिकते, अमुक स्पर्धेसाठी फोटो काढायचे आहेत, फोटो बाहेर प्रसिद्ध होऊ शकतात. अर्ज कानडीत दिलास तर काम लवकर होईल, बहिणीच्या एखाद्या मैत्रिणीकडून लिहून घे. सरांची संमती वेगळी, बहिणीची वेगळी. हो, बहिणीचीसुद्धा. घरची आहे म्हणून गृहीत धरू नकोस. मामांना जो हक्क आहे तोच तिलाही आहे. फ्रेममध्ये मागे इतर मुलं येतील. आयटीआयला 14 वर्षांपासून प्रवेश मिळतो, त्यामुळं बरीच मुलं 18 च्या आतली असतात. चेहरा ओळखू येत असेल तर त्यांच्या आईवडिलांची सही लागेल. बऱ्याच स्पर्धांचा संमतीचा ठरलेला फॉर्म असतो, तोच वापर. आणि ज्यांचे फोटो काढशील त्यांना प्रिंट द्यायला विसरू नकोस, स्पर्धेत नंबर येवो न येवो.

फोटो कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात आहे. कॅमेरा कुणाच्या मालकीचा, यावर ते ठरत नाही. नोकरीचं काम म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा. पैसे देऊन कुणी काढवून घेतला असेल तर काढवून घेणारा. तू सुट्टीच्या दिवशी, स्वतःसाठी काढलास तर तुझा. तरी पुढे तोंडं वाकडी व्हायला नकोत म्हणून मालकांशी आधीच बोल आणि दोन ओळी लिहून घे: अमुक तारखेला कॅमेरा वापरायला दिला, फोटोवर स्टुडिओचा हक्क नाही. त्यांना मोकळेपणानं सांग, बहुतेक मालकांना आपल्या पोराचं कौतुकच वाटतं. फोटोवरचा हक्क काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो, तेव्हा ही कटकट आताच निस्तरलेली बरी.

आयोजकांच्या नियमातही हक्काची ओळ शोध. ‘श्रेयासह, प्रसिद्धीसाठी वापरू’ असं असेल तर ठीक. ‘सर्व हक्क कायमचे आमचे’ असं असेल आणि वर प्रवेश शुल्कही मागत असतील, तर ती स्पर्धा सोडून दे. तिथं फोटो फुकटात गोळा करायचा धंदा असतो. शंभर रुपये असोत की हजार, शुल्क भरण्याआधी आयोजक कोण, मागच्या विजेत्यांचे फोटो कुठं लावलेत, हे बघ.

इंग्रजी जेमतेम आहे, याची काळजी करू नकोस. ओळी आधी मराठीत लिही, मनासारख्या होईपर्यंत. मग बहिणीच्या एखाद्या सरांकडून किंवा शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंकडून भाषांतर करून घे. ‘स्त्रीशक्तीची नवी पहाट’ असलं काही लिहू नकोस. असं लिही: ‘निपाणी, बेळगाव जिल्हा, कर्नाटक. फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी स्वतः घासलेल्या लोखंडी तुकड्याला गुण्या लावून फट तपासते आहे. शेजारी तिचे प्रशिक्षक चूक कुठं राहिली ते दाखवत आहेत. फटीतून उजेड दिसला तर तुकडा पुन्हा घासावा लागतो.’ एवढं पुरे. दोघांची संमती असेल तर नावं घाल. सरांचं नाव नक्की घाल, शिकवणाऱ्याचं नाव बहुतेक फोटोंत राहून जातं.

बेळगाव की बेळगावी, यात अडकू नकोस. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव बेळगावी आहे. इंग्रजी अर्जात तेच लिही, कारण परीक्षक नकाशावर तेच शोधतील आणि बक्षिसाच्या वेळी कागदपत्रांत तेच जुळेल. मराठीत आपण बेळगाव म्हणतो, म्हणत राहू. वर्कशॉपच्या भिंतीवर कानडी पाटी असेल तर फ्रेममधून काढायची धडपड नको. बहिणीच्या वहीत इंग्रजी शब्दांशेजारी मराठीत टिपणं असतील, सर कानडीत समजावत असतील, पलीकडचा पोरगा हिंदीत काहीतरी विचारत असेल. आपल्याकडं मुलं अशीच शिकतात. फोटोत ते आलं तर आपला भाग खरा उतरला म्हणायचं.

आता शेवटची कामं. काढायच्या आधी कॅमेऱ्यातली तारीख-वेळ तपास. स्टुडिओच्या कॅमेऱ्यात ती हमखास चुकलेली असते आणि फाईलमध्ये तीच साठते. ‘फोटो यावर्षीच काढलेला हवा’ असा नियम असेल तर नाहक बाद होशील. मूळ फाईल जशीच्या तशी जपून ठेव, परीक्षक कधीही मागू शकतात. थोडं कापणं, उजेड कमी-जास्त करणं बहुतेक ठिकाणी चालतं. मागची बादली पुसून टाकणं, आकाश बदलणं, एआयनं काही घालणं चालत नाही. नवे मोबाईल न विचारता बरंच काही सुधारतात, ते सेटिंग बंद ठेव. फाईल व्हॉट्सॲपवरून इकडं-तिकडं पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ती बारीक होते आणि आतली माहितीही पुसली जाते. किती मेगाबाइट, लांब बाजू किती पिक्सेल, फाईलला नाव कसं द्यायचं, हे नियमात शब्दशः दिलेलं असतं, तसंच कर.

फोटो निवडताना सगळे बहिणीला दाखव. कुठल्या फोटोत गुण्या चुकीचा धरलाय, कुठं कानशीची मूठ सैल आहे, हे तिला कळेल, तुला-मला नाही. परीक्षकांत या कामातला एखादा असतोच, तो आधी तेच बघतो. आणि मुदतीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नकोस, त्या वेळी सगळेच अपलोड करत असतात. दोन दिवस आधी निपाणीत एखाद्या चांगल्या नेटच्या ठिकाणी बसून पाठव, पोच आल्याची ईमेल येईपर्यंत उठू नकोस, आणि ती ईमेल जपून ठेव.